दुश्मनाचा एप्सिलॉन

गणित समजावता समजावता स्वतःच गोंधळून जाणारा आणि त्या गोंधळात एवढा सुखी असणारा माणूस आमच्या नागपूरच्या सरांखेरीज साऱ्या मध्यप्रदेशात, जुन्या काय आणि नव्या काय, दुसरा नसेल. राज्यांची फेररचना झाली तशी नागपूरची दफ्तरं, कपाटं, कारकून आणि त्यांच्या बायकांचे पाटे-वरवंटे सगळं भोपाळला आलं. त्यात माझे वडील आले आणि हे सरही आले. एम.ए.च्या आमच्या वर्गात मराठी मी एकटाच. हा काही माझा गुन्हा नव्हता, पण शिक्षा मला झाली.

कारण सरांचा तास सुरू व्हायचा इंग्रजीत. सिद्धता जरा चढणीला लागली की ते हिंदीवर यायचे आणि खरी खोच आली की थेट नागपुरी मराठीत शिरायचे. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नसायचा. एका हाताने लिहीत, दुसऱ्याने पुसत ते ओरडायचे, "अरे बाप्पा, एप्सिलॉन कोण देते? दुश्मन देते! आन् डेल्टा कोणी शोधाचा? आपण!" एप्सिलॉन, डेल्टा ही गणितातल्या बारीक अंतरांची नावं सोडली, तर यातला 'दुश्मन' तेवढा वर्गाला कळायचा. मग भाषांतरासाठी सगळी मुंडकी माझ्याकडे वळायची. शेजारी बसणारा अत्तरवाल्याचा मुलगा विचारायचा, "क्यों खां, ये दुश्मन कौन है?" मला तरी कुठं ठाऊक! मी सांगायचो, "शायद ग्वालियरवाले साहब."

ग्वाल्हेरचे सर म्हणजे आमचे दुसरे प्राध्यापक. इस्त्रीचा कोट, इस्त्रीचं इंग्रजी. व्याख्येनंतर प्रमेय, प्रमेयानंतर सिद्धता, सिद्धतेनंतर घंटा. आमच्या वह्या काय देखण्या झाल्या होत्या! त्यांच्या तासाला सगळं कळायचं आणि व्हरांड्यात आलं की काही आठवायचं नाही. नागपूरच्या सरांच्या तासाला काही म्हणजे काही कळायचं नाही, पण घरी जेवताना घास हातातच राहून जायचा. आई विचारायची, "काय रे, भाजीत केस निघाला का?" आता तिला काय सांगणार, भाजीत डेल्टा निघालाय म्हणून! यातलं खरं शिकवणं कोणतं, ते मला आजही धड सांगता येत नाही.

नागपूरच्या सरांची नोकरी तात्पुरती होती. बायको-मुलं नागपुरातच. पक्की झाली की बिऱ्हाड आणायचं, म्हणून क्वार्टरात धाकटीसाठी झोकासुद्धा टांगून ठेवला होता बिचाऱ्यांनी. प्राचार्य त्यांचा एक तास ऐकून काय ते ठरवणार होते. त्या दिवशी सर चक्क कोट घालून आले. स्वच्छ इंग्रजी, सरळ ओळी, पुसापुशी नाही. हुबेहूब ग्वाल्हेर! मागे बसलेले प्राचार्य मान डोलावत होते. मला हायसं वाटलं आणि मेलं करमेनाही.

एवढ्यात अत्तरवाल्याचा मुलगा उठला. "सर, एक ही डेल्टा हर जगह कैसे चल जाएगा?"

मी त्याचा सदरा धरून खाली ओढला. गाढवा, आज नको रे! सरांना छापील उत्तर पाठ होतं, एका ओळीत मोकळं होता आलं असतं. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी कपाळाला हात लावला. "काहून चालन? बरोबर विचारलं ना तू!" म्हणत त्यांनी अख्खा फळा बाहीने पुसला आणि सुटले. कोट खडूने पांढरा, दुश्मन डावीकडून येतोय, उजवीकडून येतोय, आणि भाषा पुरती नागपुरी! प्राचार्य केव्हाच उठून गेले होते. सरांना ते घंटा झाल्यावर कळलं.

सत्र संपलं आणि सर नागपूरला निघाले, कायमचे. स्टेशनवर सगळा वर्ग आला होता. अत्तरवाल्याच्या मुलाचे डोळे लाल झाले होते. "सर, मेरी वजह से..."

सरांनी त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "पागल आहे का रे? साऱ्या वर्षात विचारलं ते तूच, तेवढा एकच तास मी मनासारखा शिकवला, बाप्पा!"

भाषांतर करायला मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरांचा हात दोन्ही हातांत धरून तो नुसता मान हलवत उभा राहिला.