पोरीची भूक

माझी मुलगी खडू खाते, हे आम्हाला तिच्या शाळेच्या मॅडमनी फोन करून सांगितलं. दुसरीतली पोर. मी म्हटलं, एखाद्या वेळी चाटला असेल. मॅडम म्हणाल्या, "नहीं सर, चबाती है."

घरी येऊन तिला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "अच्छा लगता है, पापा." आमच्या घरात मराठी बोलतात, पण तिच्यापर्यंत पोचता पोचता तिची हिंदी होते. मी आवाज चढवला तेव्हा तिने मलाच विचारलं, "आपने कभी खाया है?" प्रश्न रास्त होता. बायको आतल्या खोलीत गेल्यावर मी एक तुकडा चावून पाहिला. चव काही कळली नाही, नुसते दात कचकचले.

आमच्या शहरातल्या नेपियर टाउनमधल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाल्या, अंगात लोह कमी आहे, अशी मुलं कधी कधी माती किंवा खडू खातात. मला हे अजिबात पटेना. आमची मुलगी चांगली गुबगुबीत. आमच्या गोरखपुर मोहल्ल्याच्या बाजारात भाजीवाल्या तिचे गाल ओढल्याशिवाय सोडत नाहीत. घरात फळं, बदाम, अमका आटा, तमका आटा, सगळं भरलेलं. जिला खायला कमी पडतं ती पोर वाळलेली दिसते, अशी माझी पक्की समजूत होती.

बायकोने खरं ते सांगून टाकलं. डबा जातो तसाच परत येतो. रात्री दोन घास खाल्ले की ताट सरकवते. औषध लिहिता लिहिता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भूख नहीं लगती, मतलब पेट किसी चीज़ से भर रहा है. घर में ढूँढिए."

झालं. मला तेवढंच हवं होतं. एखादी गोष्ट कुठे गेली ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि इथे तर माझ्या पोरीची भूकच हरवली होती. मी तिचं दप्तर उपसलं. त्यात खडूचे तुकडे निघाले, खाऊ नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला चिप्स आणि बिस्किटांबद्दल खोदून विचारलं. तो म्हणाला, बेबी आमच्याकडे नुसती रबर घ्यायला येते. उशीखाली पाहिलं, सोफ्याच्या फटीत हात घातला. बायको म्हणाली, "तुम्ही पोलिसात भरती व्हायला पाहिजे होतं. लोकांची घरं उपसली असती, आपलं तरी साफ राहिलं असतं."

सुगावा लागला तो रविवारी सकाळी. दूधवाला भैया पातेल्यात दूध ओतताना सहज म्हणाला, "एक बच्ची का घर और दूध हलवाई जितना. खोया बनाते हो क्या?" तो हसून निघून गेला आणि मी पातेल्याकडे बघत उभा राहिलो. खरंच, एवढं दूध जातं कुठे?

नाश्त्याला बसल्यावर मी विषय काढला. सुरुवात मलाच करावी लागली. सकाळी काही न खाता पोर बसमध्ये चढते, म्हणून एक पेला मी पाजतो. बायको म्हणाली, डबा तसाच आलेला दिसतो, म्हणून ऑफिसातून आले की एक मी देते. मग आम्ही दोघांनी माझ्या आईकडे पाहिलं. आई पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "शाळेतून येते थकून. तव्हा देतो नं थोडंसं. टोस्टसंगं."

"आणि रात्री?" मी विचारलं.

"जेवत नाही पोरगी. मंग काय उपाशी झोपू देऊ?"

म्हणजे जो तो आपापल्या परीने मुलीला उपाशी राहण्यापासून वाचवत होता, आणि आपण एकटेच वाचवतोय असं प्रत्येकाला वाटत होतं. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय इतकं दूध पोटात गेल्यावर जेवणाला जागा कुठून राहणार? औषध चालू ठेवा, दिवसाला एक छोटा कप पुरे.

आईने ते ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. "दूध बंद करा म्हणते? दुधानं कोणाचं वाईट झालं आजपर्यंत?" असं म्हणून ती देवघरात जाऊन बसली.

पुढच्या शनिवारी मी दुपारी लवकर घरी आलो. मुलगी दारातच भेटली. वरच्या ओठावर पांढरी मिशी. माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटलं, "लेकीचं रक्त कमी होऊन राहिलं आणि तू लपवून दूध पाजते? काहून?"

आई पेला विसळत होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

"आमच्या घरी म्हशी होत्या दोन," ती म्हणाली. तिचं माहेर मझौली गावाकडचं. "चारा मी टाको, शेण मी काढो. धार निघाली का दूध डब्यात, अन् डबा सायकलवर. उरलं त भावाचं. पोरींनं दूध मागायचं नसते, हे आमाले कोणी सांगतलं नोतं, तरी ठाऊक होतं."

"मग तू काय खायची?"

"काय खाऊ? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. नाही त कोदोचा भात, गरिबाचा."

चाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवतो आहे. यातलं काहीही माझ्या ताटात कधी आलं नव्हतं. ते कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तुझे बाबा ऑफिसर. शेजारी काय म्हणतीन, यांच्या घरी कोदो शिजून राहिला?"

मला तिचं फार वाईट वाटलं. रागाला आता काही आधारच उरला नाही. संध्याकाळी मी दूध गरम केलं, साखर घातली, मुलीचाच तो मोठा स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि आईच्या हातात दिला.

"हे कोणाचं?"

"तुझं."

"मले काहून? मी काय लहान आहो?" सवयीने तिने तो नातीपुढे केला. मुलगी म्हणाली, "नहीं दादी, आप पियो." आई भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही हातांनी धरून सगळं दूध प्यायली. मधे थांबली नाही. मी टीव्ही बघितल्यासारखं केलं.

खरी गंमत पुढे झाली. रात्री ताटं वाढली. वांग्याची भाजी होती, आईच्या आवडीची. तिने एक घास खाल्ला, दुसरा हातातच धरून बसली आणि ताट जरा पुढे सरकवलं.

"आई, बरं वाटत नाही का?" बायकोने विचारलं.

"बरी आहो. भूकच नाही."

शेजारी मुलीनेही ताट तेवढंच सरकवलेलं होतं. आईने आपल्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्या. ती म्हणाली, "भूक नाही म्हणे, ते खरंच सांगत होती त मंग पोरगी." आणि मला म्हणाली, "उद्या बाजारात गेला त ज्वारीचं पीठ पाहाजो. अन् जवस."

सोमवारी दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. ती मला ऑफिसात कधीच फोन करत नाही, त्यामुळे मी घाबरूनच उचलला.

"काय झालं, आई?"

"दुधासाठी रडली खूप. मी नाही देल्लं. दार लावून बसली होती. आता आली चुलीपाशी." आईने आवाज खाली केला. "म्हणते, दादी, भूख लगी है."

हे वाक्य आमच्या घरात शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना.

"मग?"

"मंग काय. जेवून राहिली. ठेव फोन, भाकर जळून राहिली."