शेंदूर लावलेला क्रूस
शेंदूर-तेलाचा वास आला की मला चाकणच्या शिवारातला एक दगडी क्रूस आठवतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट, माझं नुकतंच लग्न झालेलं. आमचे पाळकसाहेब चर्चच्या मंडळीला बैलगाड्यांतून जुन्या ख्रिस्ती खुणा दाखवायला घेऊन निघाले होते. किल्ल्याची ढासळलेली भिंत पाहून आम्ही बाजरीच्या शेतातल्या एका पुरातन थडग्याशी आलो. तिथला क्रूस काढून चर्चमध्ये नेऊन बसवायचा, म्हणून पाळकसाहेबांनी पहार आणि दोरही आणला होता. पाहतो तर क्रूस शेंदरानं माखलेला, पुढ्यात नारळ फोडलेला. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी ओरडत आली, "आदी पायताणं काढा! आमचा राखणदार हाय त्यो." पाळकसाहेब म्हणाले, "आजी, हा आमच्या देवाचा क्रूस आहे." "आसंल की! मंग तुमी बी पाया पडा, पर हलवू नगा. आमची लेकरं राखतोय त्यो." पाळकसाहेब खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले. आम्ही सगळ्यांनी अनवाणी उभं राहून प्रार्थना केली. ती संपताच म्हातारीनं प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवलं. प्रसाद खाऊ नका म्हणून दर रविवारी बजावणाऱ्या पाळकसाहेबांनीच पहिला तुकडा तोंडात टाकला. आता तिथं कंपनीची उंच भिंत आहे, क्रुसाचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. पण बस त्या भिंतीजवळून जाऊ लागली की सीटखाली माझे पाय अजून चपलांतून बाहेर येतात.