गुलाबमामा आणि तापलेलं इंजिन

गुलाबमामा इंजिनाला गाल लावून बघत. हात नव्हे, गाल. दौंडला रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी नेली की इंजिनाचं झाकण उघडायचं, गुडघे टेकायचे, टोपी मागे सारायची आणि डावा गाल इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, हे ठरलेलं. गालाला जराशी जरी ऊब लागली तरी ते उठून खाटेवर जाऊन बसत. "गरम हाय. उद्या या." मग तुम्ही मामलेदार असा, नाहीतर माझ्यासारखी शिरूरहून तीस मैल धुरळा खात आलेली डॉक्टरीण असा, पाना काही हातात घेतला जायचा नाही.

पहिल्या भेटीत मी चांगलीच चिडले होते. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. शिरूरला मी नुकताच दवाखाना टाकला होता आणि वडिलांनी पुण्यातल्या एका प्राध्यापकांची जुनी जर्मन गाडी मला घेऊन दिली होती. कासवाच्या पाठीची, इंजिन मागे. चार सिलिंडर दोन इकडे, दोन तिकडे आडवे निजलेले, आणि त्यांना गार ठेवायला पाणी नाही, फक्त पंख्याची हवा. शिरूरचे मेकॅनिक झाकण उघडून आधी रेडिएटर शोधत, आणि तो सापडला नाही की माझ्याकडेच संशयाने बघत. एका पेशंटने गुलाबमामांचं नाव सांगितलं. साखर कारखाना उभारायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरकडे ते कामाला होते आणि त्याची अशीच गाडी त्यांनी चार वर्षं सांभाळली होती.

"उद्या या" ऐकून मी एस.टी.ने परत गेले आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नेच आले. मामांनी रॉकेलच्या बोळ्याने डायनामोच्या बैठकीखालचा मळ पुसला आणि तिथे कोरलेला नंबर बोटाने चाचपला.

"कुठल्या सालची म्हन्ता गाडी?"

"त्रेसष्टची. बाराशेचं इंजिन. पुस्तकात तसं लिहिलंय."

"पुस्तक गाडीचं हाय, बाई. ह्ये बघा, आकड्याच्या म्होरं एच. पंधराशेचं इंजिन हाय ह्ये. कुणीतरी मागनं बदललंय." मग झाकणाच्या वरच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाले, "इंजिन वाढलं आन् नाक तेवढंच ऱ्हायलं. ह्ये जास्ती तापनार. उन्हाळ्यात जपून."

एम.बी.बी.एस. झाल्यापासून मला कोणी इतक्या शांतपणे चुकीचं ठरवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी त्यांची झाले. दर दोन महिन्यांनी गाडी घेऊन जायची, रात्रभर तिथे सोडायची आणि सकाळी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून बघायचं. व्हॉल्व्हची फट ते इंजिन पुरतं गार असतानाच, पोस्टकार्डाहून पातळ पट्टीने मापत. "टकटकीला भिऊ नगा," ते सांगत. "टकटक म्हंजी फट हाय. गप झाली का मग भ्या." इंजिन फार तापलं की ती फट मिटते, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, तुटून आत पडतो आणि इंजिन संपतं. यातही त्यांचा जीव तीन नंबरच्या सिलिंडरवर. त्याच्या वाटच्या हवेत ऑईल गार करायची नळकांडी आडवी येतात. "तीन नंबर म्हंजी शेवटी जेवनारी सून," ते म्हणत. "समद्यांचं झाल्यावर उरंल ती हवा हिला. म्हनून पयली हिचीच चौकशी करायची." मी दवाखान्यात तशा सुना रोज तपासत होते, त्यामुळे मला हे पुस्तकापेक्षा लवकर कळलं.

एवढं कळूनही करायचा तो मूर्खपणा मी केलाच. पुढच्या उन्हाळ्यात गाडीतून जळका वास येऊ लागला. दौंडला जायला सवड नव्हती. शिरूरच्या एका मेकॅनिकने झाकण उघडलं आणि इंजिनाभोवतीचे पत्रे बघून तो म्हणाला, "बाई, ह्ये तर कोंडून मारलंय बिचाऱ्याला. काढून टाकू, वारं लागंल." आपल्याकडच्या उन्हात हे कोणालाही पटेल. मलाही पटलं. मामांना सांगायचं राहून गेलं.

वैशाखात एका सकाळी दहाच्या सुमारास मी गाडी घेऊन दौंडला पोहोचले तर शेड बंद. चहावाल्याने मामांचं घर दाखवलं. त्यांची मुलगी शमीम पहिल्या बाळंतपणाला आलेली, आदल्या दिवसापासून कळा देत होती आणि सुईणीने हात टेकले होते. मी तपासलं. मूल आडवं होतं. त्याचे ठोके लागत होते. पोट उघडल्याशिवाय सुटका नव्हती आणि ते पुण्याशिवाय होणार नव्हतं. पुण्याकडची पॅसेंजर नुकतीच सुटली होती, पुढची दुपारी. दाराशी माझी गाडी उभी होती, तीस मैल पळून तापलेली.

मामा गाडीकडे गेले. गाल लावायला वाकलेसुद्धा नाहीत. "बसा," एवढंच म्हणाले.

मी चालवत होते. मागे मामींच्या मांडीवर डोकं ठेवून शमीम. मामा माझ्या शेजारी, पण तोंड मागे वळवून. मला वाटलं लेकीकडे बघताहेत. ते इंजिन ऐकत होते. पाटसला हमरस्ता लागला तशी मी गाडी दामटली. वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. भांडगाव मागे पडलं आणि मामा म्हणाले, "थांबवा."

"काय झालं?"

"गप झाली. त्या लिंबाखाली घ्या."

त्यांनी झाकण उघडलं. "पत्रं कुठं हायती, बाई?"

"मी काढून टाकले. वारं लागावं म्हणून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या पत्र्यांमुळेच तर इंजिनाखालची धग खाली राहते आणि पंख्याला वरची गार हवा मिळते. ते काढल्यावर गेला महिनाभर इंजिन स्वतःचीच धग पुन्हा ओढून घेत होतं. मामांनी वेळ विचारली. "पंचवीस मिन्टं थांबायचं."

"मामा, तेवढा वेळ नाहीये!"

"आता काढली तर उरुळीच्या अलीकडंच बसंल. मग माळावर काय करायचं तुमी आन् मी?"

मी रस्त्यावर जाऊन हात दाखवला. एक ट्रक थांबला, पण केबिनमध्ये निजवायला जागा नव्हती आणि मागे उघड्यावर लोखंडी सळया. शमीमला त्यावर घालायला मी डॉक्टर म्हणून तयार नव्हते. ट्रक गेला. मी परत येऊन तिच्या पोटावर नळी लावली आणि घड्याळ बघत ठोके मोजले. सकाळपेक्षा कमी होते.

मामा समोरच्या ढाब्यावरून तेलाचा रिकामा डबा घेऊन आले. कात्रीने तो फाडला, दगडावर ठोकून सपाट केला आणि तापलेल्या इंजिनाच्या कडेने आत सरकवून तारेने बांधू लागले. बोटांची कातडी जळल्याचा वास मला आला. मी रुमाल पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. मागच्या सीटवरून शमीम ओरडत होती, "अब्बा, चलो ना! अब्बा!" त्यांनी मान वर केली नाही. "आया बेटी, अब्बी आया," म्हणत तारेला पीळ देत राहिले. मामी पदराने वारा घालत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी पुन्हा ठोके मोजले. आणखी कमी.

पंचविसाव्या मिनिटाला ते बसले. "सुरू करा. तीसच्या वर न्हाई न्यायची." मी किल्ली फिरवली. टकटक ऐकू आली. सबंध रस्ताभर मी वेगाचा काटा तीसवर धरून ठेवला, पाय दाबायला शिवशिवत असताना. इतकं सावकाश मी आयुष्यात कधी गेले नाही.

शमीम वाचली. मुलगी होती, ती रडली नाही.

पुण्यातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मामांची बोटं धुऊन पट्टी बांधली. "मामा, ते पत्रे..." मी सुरुवात केली. "पोरीम्होरं बोलू नगा," ते म्हणाले. "कुनाम्होरंच नगा." आणि त्यांनीही कधी कोणाला सांगितलं नाही. जावई, व्याही, गल्लीतली माणसं, जो विचारेल त्याला एकच उत्तर: "गाडी तापली." महिन्याभराने मी शरमेने गाडी घेऊन गेले तर त्यांनी पत्रे नवे घडवून ठेवले होते. नेहमीसारखंच म्हणाले, "गरम हाय. उद्या या." मी फाटकापर्यंत रडत चालत गेले.

तीन-चार वर्षांनी त्यांची छाती बिघडली. मी भेटायला गेले तेव्हा शमीमचा दोन वर्षांचा मुलगा अंगणात खेळत होता. मामींना पाणी आणायला पाठवून मामांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, ती पंचवीस मिन्टं थांबलो नसतो, तर पोर जगली असती?"

लिंबाखाली मोजलेले ते आकडे मला पाठ होते. तिथून निघालो तेव्हाही ठोके चालू होते.

"नाही मामा," मी म्हटलं. "दौंडहून निघालो तेव्हाच उशीर झाला होता."

त्यांनी मान हलवली. मग मलाही राहवेना. "आणि मामा, नसतो थांबलो तर गाडी खरंच बसली असती?"

"बसलीच असती," ते लगेच म्हणाले. "दोन मैलात. तुमी काय बी केलं असतं तरी."

इतकं झटकन ते इंजिनाबद्दल कधीच बोलत नसत. मला कळलं, त्यांनाही खात्री नव्हती. माझ्या उत्तराचंही त्यांना कळलंच असणार, कारण मीही तितक्याच झटकन बोलले होते. पेशंटला खोटा धीर द्यायचा नाही, असा माझा मोठा ताठा होता. त्या माणसाने माझ्यासाठी त्याच्या धंद्यात खोटं बोलावं आणि मी त्याच्यासाठी माझ्या, एवढंच आम्हाला एकमेकांना देता आलं. मामी पाणी घेऊन आल्या. मामांनी आधी मला प्यायला लावलं.