समोरच्या घराची काच

या सदरातले अनुभव मी दुकानात दुपारी डबा खाताना वाचते आणि बहुतेकांचा उलगडा मला दोन घासांत होतो. मांजर असतं, वायरिंग असतं, नाहीतर लिहिणाऱ्याची झोप झालेली नसते. इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. भूतबाधा, कौल, संकेत यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही. देवाचं करते, पण घरात पद्धत आहे म्हणून. तरीही हे लिहिते आहे, कारण याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याच्या पुढच्या एका लेआउटमध्ये. नवरा आणि त्याचे मोठे भाऊ यांनी समोरासमोर प्लॉट घेतले, एकाच ठेकेदाराकडून एकसारखी घरं बांधली. मध्ये रस्ता. दोन्हीकडे हॉल पहिल्या मजल्यावर, आणि हॉलला रस्त्याच्या बाजूने एक मोठी फिक्स काच. तिच्या शेजारच्या झडपेत उन्हाळ्यात कूलर लागतो. कूलरचं पाणी उडून काचेवर पांढरे डाग बसतात, पावसाळ्यात त्यावर धूळ चिकटते. बाहेरून हात पोचत नाही.

समोरच्या घरात माझी मोठी जाऊ राहते. मी तिला ताई म्हणते.

ताईबद्दल स्पष्टच लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. तिचं घर आणि माझं घर सारखंच, पण पाहुणा आला की आधी तिच्याकडे चढतो. तिच्या कूलरला खसच्या सुवासिक ताट्या, आमच्या कूलरला साधं वूडवूल, लाकडाचे कुरळे धागे. आता मनात आणलं तर मीही खस लावू शकते, पण मग म्हणतील, ताईचं पाहून लावलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमच्या महालक्ष्म्या. सासूबाई होत्या तोवर त्यांनी ताईच्याच हॉलमध्ये बसवल्या, त्या काचेसमोर. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वरून टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा... सगळ्यात माझे हात. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका म्हणणार मात्र, "ताईंकडच्या महालक्ष्म्या."

सासूबाईंची एक अट असायची. ज्या काचेसमोर देवी बसणार ती आतून-बाहेरून लख्ख पाहिजे. त्या स्वतः बोट फिरवून बघायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या.

यंदा ताईचा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. भाऊजींनी दोघींना बसवलं आणि म्हणाले, "यंदा रेखाकडं बसवू. काच कोण पुसन आमची? मोलकरीण बाहेर लटकायले तयार नाही."

ताई म्हणाली, "बसवा ना. मले काय... रेखाले हौस आहेच पहिल्यापासून."

टोमणा कळला मला. पण त्या दिवशी मी तो पेढ्यासारखा खाल्ला.

घरी येऊन मोबाइलवर काच पुसायचा रोबोट मागवला, स्वस्तातला. पोळपाटाएवढा चौकोनी डबा, खाली कापडी पॅड, आत पंखा. तो काच ओढून धरतो आणि आपलाआपण आडवा-उभा फिरत पुसतो. पडू नये म्हणून दोरी, ती मी खिडकीच्या ग्रिलला बांधली.

पहिल्या रविवारी सकाळी झडपेतून हात बाहेर काढून त्याला काचेवर चिकटवला. मिक्सरसारखा आवाज करत त्याने सगळी काच पालथी घातली, शेवटी शिट्टी देऊन थांबला. काढून बघते तर पॅड काळंकुट्ट. समाधान वाटलं. मग काचेकडे पाहिलं. डाग जिथल्या तिथे. कूलरचे पांढरे ओघळ, पावसाची धूळ, सगळं.

नवरा म्हणाला, "सस्तं घेतलं ना, आता बस पाहत."

"मग पॅड कशानं काळं झालं?"

"मले काय माहीत? रंग जाऊन राहिला असंन त्याचा."

पॅड धुवायला नळाखाली धरलं. पाण्याबरोबर बारीक तपकिरी काड्या निघाल्या. हुंगून पाहिल्या... खस. आमच्या घरात खसची काडीसुद्धा नाही.

एवढ्यात फोन वाजला. ताई.

"रेखा, तू कोणाले पाठवलं होतं का वं?"

"कशाले?"

"माझी काच पुसायले. आत्ता चहा घेऊन बसली तर पाहते काय, आरशासारखी झाली. मले वाटलं तूच कोणाले सांगितलं असंन."

"मी काहून सांगू?" मी म्हटलं. खरं म्हणजे हेच खरं होतं.

खिडकीतून समोर पाहिलं. तिची काच लखलखत होती.

पाऊस, वारा, शेजाऱ्यांचा पाइप... मी सगळं मनात लावून पाहिलं. पुढच्या रविवारी खात्रीच करायची ठरवलं. समोर पाहिलं, तर आठवड्याच्या सरींनी तिच्या काचेवर पुन्हा पातळ धूळ बसली होती. मी रोबोट लावला आणि माझ्या काचेकडे न बघता समोर बघत उभी राहिले. भर सकाळ, स्वच्छ ऊन. माझा रोबोट डावीकडून उजवीकडे सरकू लागला तसा समोर ताईच्या काचेवर एक स्वच्छ पट्टा उमटू लागला. काचेवर काहीही नव्हतं. नुसता पट्टा, आपोआप पुढे जाणारा. मी रिमोटने थांबवलं, पट्टा थांबला. खाली वळवलं, तो खाली वळला. फेरी पुरी झाली तेव्हा समोरची सगळी काच लख्ख होती.

अंगावर काटा आला, हे कबूल. पण लिहायचंच तर खरं लिहिते — भीती मागून आली. आधी मनात आलं ते हे, की मशीन माझं, वीज माझी, आणि चकचकीत होते तिची काच.

मी रोबोट काढून कपाटात टाकला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर देवीनेच कौल दिला असं झालं असतं, आणि कौल कुणाच्या बाजूने ते उघडच होतं. माझ्या काचेवर काठीला फडकं बांधून, लिंबू, व्हिनेगर सगळं करून पाहिलं. डाग हलले नाहीत.

न सांगताही व्हायचं तेच झालं. भाऊजी आमच्याकडे आले, माझी काच पाहिली, वळून स्वतःच्या घराची पाहिली. मागोमाग ताई खांदा धरून जिना चढून आली.

"पुसायची कटकट होती म्हणून इकडं आणून राहिलो होतो," भाऊजी म्हणाले. "आता तिकडं तर..."

"मी काही म्हटलं नाही वं," ताई मला म्हणाली. "पण तूच पाह्य. आईची अट तुले माहीत आहे. देवीलेच तिथं यायचं आहे, तर आपण कोण?"

महालक्ष्म्या समोर बसल्या.

मी सोळा भाज्या केल्या, फुलोरा केला, तोही माझ्या हाताने टांगला, कारण ताईचा हात वर जात नव्हता. हळदीकुंकवाला बायका काचेचं कौतुक करून गेल्या. आणि दिवेलागणीला, सगळ्यांदेखत, ताई काचेतून माझ्या घराकडे पाहत म्हणाली, "बाई, तुझी खिडकी किती मळली वं. इथून तर फारच दिसते."

माझ्या हातात आंबिलीचं पातेलं होतं. ते मी नीट खाली ठेवलं.

विसर्जनानंतर ताईचा निरोप आला की धूप-दिव्यांनी काचेवर काजळी धरली आहे, तुझं ते मशीन एकदा आण. नाही म्हणायला कारण नव्हतं. गेले. तिच्या काचेला आधी आतून, मग दोरी बांधून बाहेरून रोबोट लावला. तो फिरला, शिट्टी देऊन थांबला. पॅड काढलं तर पांढऱ्या क्षाराने आणि धुळीने चिकट झालेलं, आणि कडेला वूडवूलचे कुरळे धागे.

मी मान वर केली. रस्त्यापलीकडे माझी काच अशी स्वच्छ होती की आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

रोबोट दुसरीकडे लावून पाहिला. जावयाकडे, दुकानातल्या काउंटरच्या काचेवर. जिथे लावाल तिथेच पुसतो, मुकाट्याने. उलटं होतं ते फक्त आमच्या दोन घरांत. माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिला, म्हणाला मशीन ठीक आहे. नवऱ्याला एकदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही काचा साफ होत आहेत ना, मग तुझं म्हणणं काय आहे?

माझं म्हणणं काय आहे ते त्याला कळणार नाही. आता माझी काच पुसायची तर मी तिच्या घरी जाते. दर रविवारी, पिशवीत रोबोट घालून. लेआउटमधल्या बायका म्हणतात, ताईंनी नशीब काढलं, धाकटी जाऊ येऊन काचा पुसून देते.

तिची काच पुसायची तर रोबोट माझ्या घरी लावावा लागेल. ते मी महालक्ष्म्यांपासून एकदाही केलेलं नाही.

गेल्या रविवारी रोबोट फिरत होता, ताई चहाचा कप घेऊन काचेशी उभी होती. तिच्या काचेवरची काजळी तशीच. त्या काजळीतून ती रस्त्यापलीकडे पाहत होती.

"तू इथं पुसून राहिली," ती म्हणाली, "आणि तुझ्याच घरी लख्ख दिसते वं सगळं. काहून?"

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता.

"माहीत नाही, ताई," मी म्हटलं. आणि खरंच, मला माहीत नाही.