पडद्याच्या कडेची चार बोटं

लातूरहून नांदेडला भावाकडे पोचले तेव्हा मायचा फोटो टेबलावर मांडलेला होता. बाजूला बुद्धमूर्ती, पुढे मेणबत्त्या. माय जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या दिवशी तिचं पुण्यानुमोदन होतं. मी चपला काढून फोटोसमोर गेले, पण हात जोडायचे राहूनच गेले. फोटोतल्या बाईनं पांढरी साडी नेसली होती आणि तिच्यामागे निळं आभाळ होतं. चेहरा मायचाच, तरी बाई ओळखीची वाटेना.

आमच्याकडे आता ही रीतच झाली आहे. माणूस गेलं की एखादा जुना फोटो फोटोवाल्याकडे न्यायचा. तो कॉम्प्युटरवर बायांना पांढरी साडी नेसवतो, पुरुषांना कोट चढवतो आणि मागे आभाळ लावून देतो. जन्मभर ज्याला धड सदरा मिळाला नाही, तोही मेल्यावर साहेब होतो. एरवी मी असल्या फोटोंना हसते. त्या दिवशी हसू आलं नाही.

मूळ फोटो मला पाठ आहे. तरुणपणी माय तमाशाच्या फडात नाचायची. माळेगावच्या जत्रेत एका फोटोवाल्याच्या तंबूत तिनं तो काढून घेतला होता. जरीची नऊवारी, पायांत चाळ, एक हात कमरेवर, नजर थेट समोर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महालाच्या पायऱ्या आणि तळ्यात दोन हंस. एका हंसाची मान चित्रकाराला साधली नव्हती, तो बदकच दिसायचा. वाऱ्यानं पडदा फडफडायला लागला म्हणून तो धरायला माझा बाप मागे जाऊन उभा राहिला. फडात तो ढोलकी वाजवायचा. त्याची चार बोटं पडद्याच्या कडेला फोटोत आली.

बापाचा दुसरा फोटोच नाही. भाऊ पोटात होता तेव्हा बाप तापानं गेला. मी लहान होते, मला त्याचा चेहरा आठवत नाही. माय पेटीतून तो फोटो काढायची तेव्हा स्वतःकडे बघायचीही नाही, कडेला बोट ठेवायची. ‘‘ह्यो बग तुजा बाप. म्होरं ये म्हनलं होतं, तर लाजला मेला.’’

बाप गेल्यावर तिनं चाळ सोडले, मिळेल ते काम केलं आणि आम्हाला शिकवलं. मी नर्स झाले, भाऊ मास्तर झाला. त्याला तिच्या नाचण्याचा विषय चालायचा नाही, म्हणून तिनं त्याला तो फोटो कधी दाखवला नाही. ती गेल्यावर पेटी आवरताना त्याला सापडला.

मी भावाला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. ‘‘जुना फोटो कुठाय?’’

‘‘फोटोवाल्याकडंच हाय, अक्का. लोकं येऊन राहिले, आता काही काढू नको.’’

‘‘चाळ घालवलेस ना तिचे?’’

‘‘मग काय चाळ बांधलेली माय मांडू चारचौघांत?’’

माझ्या जिभेला हाड नाही, असं भावजय म्हणते. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. भन्तेजींनी वंदना घेतली. मग एकेक जण उठून मायच्या कष्टांबद्दल बोलला. नाचाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एवढ्या माणसांत मला फार एकटं वाटलं. माझी माय ओळखणारी आता मीच एकटी उरले होते.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याचं शटर वर जायच्या आधीच मी दारात उभी. त्यानं शोधून पाकीट दिलं. आत मायचा नुसता चेहरा होता, गोल कापलेला.

‘‘कसर लागली होती, मावशी. कडा कुठंकुठं खाल्ल्या होत्या. चांगला भाग तेवढा कापून ठेवला.’’

त्यानं आपुलकीनंच केलं होतं, त्याला काय बोलणार? मी मटकन स्टुलावर बसले आणि रडू कोसळलं. बिचारा घाबरला.

‘‘रडू नका, रडू नका! कापायच्या आधी स्कॅन केलेला हाय.’’

त्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला. पायऱ्या आल्या, तळं आलं, बदकही आलं. मायचे चाळ आले. मग तो कडेला बोट दाखवून म्हणाला, ‘‘हितं कुणाची तरी बोटं मधी आली हायेत बघा. पुसून देऊ?’’

‘‘खबरदार!’’ मी म्हणाले.

लातूरच्या माझ्या दोन खोल्यांत आता दोन फोटो आहेत. एक अख्खा. दुसऱ्यात फक्त पडद्याची कड आणि ती चार बोटं, मोठी करून घेतलेली. शेजारणी विचारतात, हे काय हो? मी सांगते, माझे वडील. मग त्या चहा जरा लवकर संपवतात. संध्याकाळी दार लावलं की मी बोटांशी दोन शब्द बोलते. उत्तर येत नाही, हे मलाही कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आला. मायच्या फोटोवरून त्यानं नजर फिरवून घेतली आणि बोटांपाशी थांबला. मी त्याला सगळं सांगितलं. साठीला टेकलेला माणूस, बापाचं म्हणून काहीही त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. मग त्यानं एक हात फोटोजवळ नेला, खाली घेतला आणि दुसरा नेला.

‘‘अक्का, उजवा हाय का डावा?’’

मी चष्मा लावून जवळ गेले. नुसत्या चार बोटांवरून काही कळेना. आणि मायला विचारायचं राहूनच गेलं होतं.