चित्रामागचा पेपर

आमच्या ह्यांना कुणी नुसतं बसवून ठेवून बघा! सांगलीत एकतीस वर्षं देवांच्या तसबिरी फ्रेम केल्या, आणि इथे कॅनडात, स्कारबरोला मुलाकडे आल्यावर दोन वर्षं बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर. माणूस नुसता सुकत चालला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात फ्रेमिंगच्या दुकानात काम मिळालं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. तीन महिने बघू, मग कायम करू, असं मालकीण मार्गरेटबाई म्हणाल्या होत्या.

अडीच महिने सुरळीत गेले. मग एका दुपारी ह्यांचा फोन. "प्रमिला, घात झाला. आता मला काढणार बघ."

झालं होतं असं. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच व्यंगचित्र फ्रेम करायला दिलं होतं. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांतला पेपर. आपल्याकडे धूळ-किडे आत जाऊ नयेत म्हणून तसबिरीला मागून रद्दी चिकटवतात; ह्यांनी स्वतः हजारोंनी चिकटवलीय. ह्यांना वाटलं, तिकडच्या फ्रेमवाल्यानंही तेच केलंय. ती रद्दी सोडवायला चित्र सरळ पाण्यात बुडवलं! पेपर काही सुटेना, तेव्हा डोक्यात उजेड पडला. कागद एकच होता. चित्र वर्तमानपत्रातच छापलेलं, मागच्या बाजूला बातम्या.

मी तशीच निघाले. बसमध्ये ही गर्दी! पायावर कुणाच्या तरी बाळाचा स्ट्रोलर, खांद्यावर एक अनोळखी बाबा खुशाल झोपलेला. मनातल्या मनात ह्यांना चार शिव्या घातल्या.

दुकानात हे पांढरेफटक पडलेले. काचेवर ओलं चित्र: घोड्यांच्या बसमध्ये माणसं कोंबलेली, एक जाडजूड बाई शेजाऱ्याच्या अर्ध्या मांडीवर, एक हॅटवाला तोंड उघडं टाकून घोरतोय. मला फिसकन हसू आलं. "अहो, मी आत्ता ह्याच बसमधून उतरले!"

"हसतेस काय! मार्गरेट येतेय."

"मग लपवू नका. सांगून टाका."

ह्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मार्गरेटबाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, शाई तेलकट असते, पाण्यानं जात नाही. कागद जुना पण दणकट आहे. उलट मळच निघालाय. मग टिपकागदांत चित्र ठेवून वर वजन ठेवलं.

"नेक्स्ट टाइम, विश्वनाथ, आस्क मी फर्स्ट."

हे आपले मान खाली घालून सॉरी, सॉरी. मी दंडाला चिमटाच काढला.

"सॉरी काय करताय! नेक्स्ट टाइम म्हणाल्या त्या. ऐकलंत का? नेक्स्ट टाइम!"

हे मटकन स्टुलावर बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणी रडले.