आधी गोळ्या, मग ग्लास

दादाचे डोळे पिवळे झालेत हे आधी मलाच दिसलं. सकाळी तो पायरीवर ऊन खात बसला होता. चहा घेतोस का, म्हणून मी विचारलं आणि त्याने वर बघितलं. चहा बाजूला राहिला, मी त्याला तसाच दवाखान्यात नेला.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. कोकणात, आरे-वारेच्या किनाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. दादा मच्छीमार बोटीवर खलाशी, मी गावातली अंगणवाडीताई. त्याला टीबी झाला होता. आम्ही मात्र कित्येक महिने तो दारूचाच खोकला समजत राहिलो. त्याच्या नावाचा सरकारी गोळ्यांचा खोका अंगणवाडीताई म्हणून माझ्याकडे होता. एक दिवसाआड समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या आणि कार्डावर सही करायची, एवढंच माझं काम. लोकांची पोरं मी चुचकारून खिचडीला बसवायची, पण सख्खा भाऊ काही हाताला लागायचा नाही. गावठी पिऊन कुठेतरी पडलेला असायचा. गोळ्या चुकल्या तर पुढे हा आजार औषधालाही जुमानणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

एका ठिकाणी मात्र तो न चुकता जायचा. गावठी विकणाऱ्या काकीकडे. मी खोका उचलला आणि तिच्याकडेच नेऊन ठेवला.

"आधी गोळ्या, मग ग्लास," मी तिला सांगितलं.

"तू नको गो काळजी करू," काकी म्हणाली. "माझा शब्द नाय मोडायचा तो."

खरंच नाही मोडला. दोन महिन्यांत एक खाडा नाही. मी रिकामी पाकिटं बघून सह्या ठोकायची आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायची. मूर्ख बाई!

त्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढून बघितली. "गोळ्या कोण देतं? दारू चालू आहे का?"

"ही आमची बाय देते, समोर बसवून," दादा पटकन म्हणाला. "दारू कधीच सोडली."

आजवर तो दारूपायी खोटं बोलत आला होता, आज माझ्या नोकरीसाठी बोलत होता. गप्प बसले असते तर मी सुटले असते. पण मी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "दारूवर या गोळ्या म्हणजे लिव्हरला दुहेरी मार," ते म्हणाले. "लिव्हर सावरेपर्यंत गोळ्या बंद."

"आणि तोवर टीबी?"

त्यांनी कार्डावर 'गोळ्या बंद' लिहिलं आणि ते माझ्या हातात दिलं.

मग रोज सकाळी दादाला उन्हात बसवून मी पापणी ओढून बघायची.

"काय दिसतंय गो?"

"पिवळंच."

"मग उद्या बघ."

काकीकडे तो पुन्हा फिरकला नाही. तोही भ्याला होता. काही आठवड्यांनी डोळे निवळले आणि लिव्हर सोसतं का ते बघायला डॉक्टरांनी आधी एकच गोळी सुरू करायला सांगितली. दादा पायरीवर येऊन आपणहून बसला, हात पुढे केला. अख्खा खोका काकीच्या हवाली करताना मी क्षणभरही विचार केला नव्हता. आता ती एक गोळी त्याच्या हातावर ठेवायला मला धीर होईना.